डुकराची ऊब

फार पूर्वी चीनच्या आभाळात काळ सांभाळायला बारा प्राणी नेमले गेले. एकानं तो वर्षभर जपायचा, मग पुढच्याच्या ओंजळीत द्यायचा. पहिला उंदीर, शेवटचं डुक्कर.

रांगेत प्रत्येकाला गप्पा मारायला मागे कुणीतरी होतं. डुकराच्या मागे नुसता वारा. पाळी आली तेव्हा त्यानं काळाला पोटाशी धरलं आणि वर्षभर ते त्याच्याशीच बोलत राहिलं.

वर्ष सरल्यावर ते उंदराकडे गेलं. "घे रे बाबा, आता तुझी पाळी."

"तू कोण? मी पहिला. माझ्याआधी कुणीच नाही," उंदीर मिशीला पीळ देत म्हणाला.

"बरं," म्हणत डुकरानं काळ त्याच्या ओंजळीत ठेवला आणि ते निघून गेलं.

उंदीर चमकला. "अरे, हा एवढा ऊबदार कसा?"

त्यानं वळून पाहिलं. तिथं आता खरंच कुणी नव्हतं.