कुसळं कुणाची

आवडीकाकी झाडांचं शास्त्र कुणाकडे शिकली नव्हती. सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी माळावरच्या, रानफुलांपाशी तंद्री लावून बसता बसता ते तिला येत गेलं.

एका दुपारी ती स्वप्नात चालल्यासारखी सडा उतरत होती, तेव्हा गायरान तुडवत आलेल्या खोतांनी तिला अडवलं.

"सडा माझा, इथलं बीसुद्धा माझं. लुगड्याला कुसळं चिकटवून चाललीस ती चोरीच. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

काकीने खोतांच्या धोतराकडे सावकाश पाहिलं.

"तुम्हालाही गायरानातली कुसळं चिकटलीत, खोत. गायरान गावाचं. तुम्ही गावाचं बी परत करा, मग मी तुमचं करते."

खोत वाकले आणि कुसळं उपटून तिथेच सड्यावर टाकू लागले.

पुढच्या वर्षी गावाचं गवत खोतांच्या सड्यावर डुलत होतं, आणि त्यात काकी तंद्री लावून बसली होती.