रेशमी झग्यातली मोराना

चेक देशात नदीकाठी लिपोव्हका नावाचे लहानसे गाव आहे. तेथे मातेयमहाराज राहत असत. राहायला डोंगरातली गुहा, पण गावात कोणाच्या चुलीवर काय शिजते ते महाराजांना बसल्या जागी कळे.

आपण मरीआईला गाडा करून वेशीबाहेर पोचवतो, तशी त्या गावात हिवाळ्याची मोराना पोचवतात. गवताची बाई करायची, घरोघरच्या चिंध्या तिला नेसवायच्या, अंड्याच्या टरफलांची माळ घालायची, नदीत सोडायची आणि मागे न बघता घरी यायचे. ती बुडाली की थंडी गेली.

मोराना करायचा मान लुदमिला नावाच्या गरीब विधवेचा. महाराजांची ती मोठी भक्त. एका वर्षी बिअरच्या भट्टीचा मालक काश्पारशेठ म्हणाला, "हिच्या चिंध्यांनी गावाची अब्रू जाते. यंदा मोराना माझ्या घरची. आणि थंडीपाठोपाठ या लुदमिलालाही गावाबाहेर काढू. राहील त्या गुहेतल्या बाबाकडे."

शेठाणीने आपला कोरा रेशमी झगा दिला, वर केसाळ टोपी. गवताला हो! सुनेला कधी रुमाल दिला नसेल.

वाजतगाजत मोराना नदीत सोडली. शेठ घरी येतो तर ती दारात बसलेली, ओलीचिंब, टोपीसकट. पुन्हा टाकून आला, तर शेगडीजवळ शेठाणीच्या खुर्चीत. वर बर्फ पडू लागला, तोही फक्त शेठच्या अंगणात. पिंपांतली बिअर गोठली.

लुदमिला गुहेकडे धावली. "महाराज, आता हे माझ्यावरच येणार. मला घालवतील."

महाराज आले, मोरानाकडे बघून हसले. म्हणाले, "काश्पारा, नवा आहेर करून कोणी पाहुण्याला हाकलतो का? तिला वाटलं, इथं आपला मान आहे. राहायलाच आली बिचारी."

"मग घालवू कशी?"

"ते लुदमिलाला विचार."

शेठने मान खाली घालून विचारले. लुदमिला म्हणाली, "घरातलं फाटकं काहीतरी आणा."

"आमच्याकडे फाटकं नसतं."

"मग फाडा."

शेठने अंगातला सदरा टराटरा फाडला. लुदमिलाने मोरानाचा झगा नि टोपी उतरवली, त्या चिंध्या तिला नेसवल्या, टरफलांची माळ घातली. महाराज मोरानाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा आता, बाई."

नदीत सोडताच ती दगडासारखी बुडाली. शेठच्या अंगणातला बर्फही थांबला.

सगळे परत फिरले. उघडाबंब शेठ कुडकुडत म्हणाला, "महाराज, येतेय का हो ती मागून?"

महाराज म्हणाले, "मागे बघू नकोस. पुढे कोण आहे ते बघ."

पुढे लुदमिला उभी होती. शेठने आधी महाराजांचे पाय धरले, मग तिचे.

"उठा, शेठ," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी चिंधी वेळेवर पाठवा."