वस्तादांचं जेवण

“आता अजून काय सोडू, वस्ताद?”

बाबालाल वस्तादांनी वर पाहिलं. तालमीच्या मागच्या खोलीत ते नुकतेच जेवायला बसले होते. दारात सर्जेराव मगदूम उभा होता. अंगाला कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती तशीच.

“काय काय सोडलंस?”

“भात सोडला. गोड सोडलं. दूध सोडलं. आता रात्रीची भाकरीपण बंद केलीय. जोर-बैठका मात्र दोन्ही वेळच्या चुकवत नाही.”

सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली.

एके काळी याच तालमीचा तो नावाजलेला पैलवान. पुढं लग्न झालं, हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि गल्ल्यावर बसून बसून अंग सुटलं. गावच्या जत्रेत कुणीतरी त्याच्याकडं बोट करून म्हणालं, “हा पैलवान होता?” ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो लंगोट घेऊन तालमीत हजर.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग अडलं. तसं त्यानं ताट आणखी रिकामं केलं. झोप उडाली. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला. परवा बायकोनं, नंदानं, आमटीला फोडणी दिली, तर त्या वासानंच त्याचं डोकं फिरलं. पातेलं उचलून अंगणात भिरकावलं. तेव्हापासून घरातली माणसं तो यायच्या आत, दार लावून जेवून घेत.

आणि आज बैठका मारता मारता डोळ्यांपुढं अंधारी येऊन तो कोसळला. पाय घसरला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

“बस,” वस्ताद म्हणाले.

तो बसला. गुडघा मात्र हलतच राहिला.

वस्ताद सावकाश जेवू लागले. भाकरीचा पापुद्रा उचलला, तशी आतली वाफ वर आली. तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, त्यावर ठेचा टेकवला. ते काहीतरी बोलत होते... मध्येच हसले. सर्जेरावानं मान डोलावली. कांद्याची एक पाकळी घरंगळत ताटाच्या कडेला गेली होती. ती ते उचलतात की नाही...

उचलली.

वस्तादांनी हात धुतला, चूळ भरली.

“काय होतं रे माझ्या ताटात?”

“ज्वारीची भाकरी. पिठलं, जरा पातळ. ठेचा. कांदा तुम्ही बुक्कीनं फोडलात. भाकरीची करपलेली कड तेवढी ठेवलीत.”

“आणि मी काय बोललो?”

सर्जेराव ताटातल्या करपलेल्या कडेकडं बघू लागला.

बाहेर हौद्यात कुणीतरी शड्डू ठोकला.

“नवी पोरं तुझ्या हाताखाली द्यायचं म्हणतोय, सांभाळशील का, असं विचारलं. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नुसती मान हलवलीस.”

तालमीत परत आल्यापासून याच एका शब्दासाठी तो झुरत होता. त्याचा गुडघा हलायचा थांबला.

“चुकलं, वस्ताद. मन आणखी घट्ट करतो. हवं तर दुपारचंही...”

वस्तादांनी दुसरं ताट घेतलं, टोपलीतली भाकरी काढली, पिठलं वाढलं आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

“नको, वस्ताद. एवढ्या दिवसांची मेहनत हाय. खाणं सुटत आलंय माझं.”

“सुटत आलंय?” वस्ताद म्हणाले. “मी जेवलो आणि उठलो. तू सकाळधरनं ताटावरच बसलायस.”

सर्जेराव ताटाकडं बघत राहिला. मग एक तुकडा मोडला. चार घास खाल्ले न खाल्ले तोच तो घाईनं उठू लागला.

वस्तादांनी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“पोट भरू दे,” ते म्हणाले. “त्याशिवाय उठता येत नाही.”