फ्रिज नसलेल्याचं इन्सुलिन

तीच गोष्ट पुन्हा सांगायची? बसा मग, मधे बोलू नका.

खाणीवरच्या केरबा ढोण्यांना दवाखान्यात फुकट इन्सुलिन मिळायचं. नवे डॉक्टर गरजले, "घरी फ्रिज नसेल त्याचं नाव कापा. औषध उन्हानं नासतं!"

"मी ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात ठेवतो, साहेब."

"अडाणी!" कंपाउंडर खिदळला.

केरबा म्हणाले, "बरं. माझी बाटली तुमच्या फ्रिजात ठेवा. दोन्ही वेळा सुई घ्यायला येईन. पण सुईनंतर लगेच जेवायचं, असं तुम्हीच बजावलंय. तेव्हा ताटही वाढून ठेवा."

डॉक्टर थर्मामीटर घेऊन मडकं बघायला स्वतः खाणीवर गेले. आत खरंच गार होतं. नाव राहिलं.

केरबांची माफी अजून मागितली नाही ती त्या कंपाउंडरनं, बबन टिळेकरानं.