गोंदबाची हाळी

नदीवर पूल नव्हता, आणि पूल होईल असं कोणी म्हणालं तर माणसं हसायची, त्या काळातली ही गोष्ट. राज्य कुणाचं होतं, गोऱ्यांचं की त्यांच्या आधीच्यांचं, ह्यावर आमच्या हिवरखोलात अजून तावातावानं भांडणं होतात. होऊ देत. सरकार होतं एवढं नक्की, आणि ते तेव्हाही तालुक्याच्या गावी बसायचं एवढंही नक्की. जरा पुढं सरका, मागच्यांना ऐकू येऊ दे.

तर आमच्या गावात गोंदनाक नावाचा दवंडीवाला होता. सरकारचा हुकूम आला की गळ्यात डफ अडकवायचा आणि गावभर ओरडून सांगायचं, हे त्याचं वाडवडिलांपासूनचं काम. सगळे त्याला गोंदबा म्हणायचे. अंगानं काटकुळा, पण आवाज? अहो, आवाज काय सांगू! वेशीत उभा राहून तो "ऐका हो ऐका" म्हणाला की पैलतीरावरच्या म्हशी चरायच्या थांबायच्या, आणि दोन कोसांवर शेतात वाकलेला माणूस कंबर सरळ करून म्हणायचा, "ह्या सोमवारी बाजार नाही वाटतं." असं म्हणतात.

त्याची एक रीत होती. दारापुढं दवंडी दिली की तो तसाच उभा राहायचा. आतून कोणीतरी "ऐकलं!" म्हटल्याशिवाय पुढच्या दाराकडे पाऊल टाकायचा नाही. लोकांना हे माहीत, मग काय, छळायचे त्याला. एकदा एका घरात सासूसुनेचं वाजलं होतं. सासू म्हणाली सून सांगेल, सून म्हणाली मी का सांगू, आणि हा बापडा दुपार टळेपर्यंत उन्हात उभा. शेवटी दोघी एकदम ओरडल्या, "ऐकलं रे बाबा, जा आता!" आणि त्यातच त्यांचं भांडण मिटलं.

पण त्यानं सांगितलेलं कधी खोटं ठरलं नाही. गोंदबा म्हणाला म्हणजे झालं, इतका त्याचा शब्द. आणि आता जे सांगते ते आपल्याच गावचं करणं आहे, ते लपवायचं मला काही कारण नाही. हा माणूस दारापुढं उभा राहायचा, दाराच्या आत त्याला कोणी घेत नव्हतं. घर वेशीबाहेर, नदीच्या अगदी काठाला. त्याचा शब्द सगळ्यांना हवा, सावली मात्र नको. अशी होती आपली माणसं.

एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी नदी फुगली. सगळ्यात आधी गोंदबाचं घर गेलं. त्यानं घराकडे मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, डफ घेतला आणि भर पावसात दारोदार सुटला. "ऐका हो ऐका! उठा, भैरोबाच्या माळावर चला!" नदीचा आवाज मोठा की त्याचा, हे त्या दिवशी ठरलं असं म्हणतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, तरी प्रत्येक दारातून "ऐकलं" आल्याशिवाय तो हलला नाही. गावातलं एक माणूस गेलं नाही. घरं मात्र सगळी बसली, आणि जमिनीतल्या पेवांमधली ज्वारी चिखलात मिसळली.

सारं गाव माळावर येऊन बसलं. उघड्यावर बसायचं म्हटल्यावर वेस कुठली नि वेशीबाहेर कुठलं? तरी चार माणसांनी गोंदबाला जरा पलीकडे बसायला सांगितलंच. खोड जाते का एवढ्या लवकर!

तिसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं. पैलतीरावर सरकारचा घोडेस्वार आला आणि तिथूनच त्यानं हुकूम ओरडून सांगितला. गोंदबानं डफ वाजवला आणि तो हुकूम माळभर फिरवला. "ऐका हो ऐका! धान्याच्या गाड्या उद्या येणार! कोणी गाव सोडून जाऊ नये! जो जाईल त्याला धान्य मिळणार नाही!"

माळावर आनंदीआनंद झाला. ज्यांनी सोयऱ्यांच्या गावी जायला गाठोडी बांधली होती त्यांनी ती सोडली. त्यांत सगुणा होती. दहा दिवसांची बाळंतीण, पहिलटकरीण, मुलगी झालेली. माहेरची माणसं तिला न्यायला डोंगराच्या वाटेनं येऊन उभी होती. ती म्हणाली, "गोंदबा म्हणतोय उद्या येणार. कशाला ओल्या बाळाला डोंगर चढवता?" आणि ती राहिली. माहेरची माणसं परत गेली.

उद्या आला. गाड्या आल्या नाहीत. परवा झाला, तेरवा झाला.

तिकडे तालुक्याला काय चाललं होतं? कागद चालले होते. मामलेदारानं वर लिहिलं, पूर आला आहे. वरून विचारलं, किती आला? त्यानं कळवलं, गाव बुडालं. वरून आलं, गाव बुडालं हे कोणी पाहिलं, त्याची सही पाठवा. सही आणायला कारकून निघाला, तर नदीला पाणी होतं म्हणून परत आला! हसू नका, हसण्यासारखं काही नाही त्यात. म्हणजे आहे, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

नऊ दिवस गेले. लोकांनी माळावरची भाजी संपवली, मग चिखलातली कुजकी ज्वारी धुऊन खाल्ली आणि पोटं धरून लोळले. मग राग आला. असा राग की विचारू नका. पण सरकार नदीपलीकडे आठ कोसांवर. राग काढायचा कुणावर? सरकारचा एकच माणूस हाताशी होता. कोणी म्हणालं, "तूच सांगितलंस, आण तुझ्या गाड्या!" कोणी चिखलाचा गोळा फेकला, तो डफावर बसला.

मग सगुणा आली. तिचं दूध आटलं होतं. पोर रडायची थांबली होती आणि नुसती टकमक बघायची. सगुणा ओरडली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "गोंदबा, मी तुझ्या शब्दावर राहिले रे."

त्यानं डफावरचा चिखल पुसला, डफ डोक्यावर घेतला आणि नदीत उतरला. मधल्या धारेत हत्ती वाहून जाईल असं पाणी होतं, पण ते त्याच्या छातीच्या वर आलं नाही, असं म्हणतात. मला काही हे पटत नाही. पण तो पलीकडे गेला हे खरं, आणि दुसरं कोणी गेलं नसतं हेही खरं.

तालुक्याला त्या दिवशी बाजार होता. गोंदबा थेट कचेरीपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं डफावर थाप मारली. "ऐका हो ऐका! हिवरखोलच्या माळावरून मामलेदारसाहेबांना दवंडी! सरकारचा उद्या येऊन गेला, गाड्या आल्या नाहीत! बाळंतिणीचं दूध आटलं! धान्य आज पाहिजे!"

आणि रीतीप्रमाणे तो थांबला.

पट्टेवाला धावत बाहेर आला. "अरे, डोकं फिरलं का तुझं? दवंडी सरकार देतं. सरकारला कोणी देतं का?"

"सरकारची मी गावाला दिली. गावाची सरकारला कोण देणार? मीच की."

बाजार सगळा तिथं लोटला. त्यात पुरानं धुतलेल्या दुसऱ्या गावांची माणसंही होती, त्यांच्याही गाड्या उद्याच यायच्या होत्या. सगळे मिळून गरजले, "ऐकलं!" गोंदबानं मान हलवली. "तुम्ही नाही. ज्याला दिली त्यानं म्हणायचं." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, ऐका हो ऐका.

मामलेदार तापला. त्यानं डफ काढून घ्यायला लावला आणि आत खोलीत कोंडला. गोंदबा नुसत्या तोंडानं ओरडू लागला. तेव्हा आत कोंडलेला डफ आपोआप वाजायला लागला, असं म्हणतात. दौती थडथडल्या, शाई सांडली, कागदांच्या गठ्ठ्यांवरची लाख तडतड फुटली, आणि मामलेदारानं जेवायला घेतलेल्या ताटातली आमटी डुचमळून त्याच्या धोतरावर आली. ताट घेऊन आलेली त्याची म्हातारी आई मागच्या दारातून म्हणाली, "अरे दामोदर, मी ऐकलं, पट्टेवाल्यानं ऐकलं, भिंतींनी ऐकलं. तुझेच कान कुठं गेलेत?"

मामलेदार बाहेर ओट्यावर आला. म्हणाला, "हे बघ, माझ्या हातात काही नाही. वरून सही यायची आहे."

गोंदबा म्हणाला, "साहेब, सही वर आहे. धान्य कुठं आहे?"

"कोठारात."

"आणि कोठार?"

कोठार कचेरीच्या मागेच होतं. दहा पावलांवर.

त्यावर बाजारातून जो आवाज उठला तो हिवरखोलच्या माळावर ऐकू आला, असं आमच्याकडे शपथेवर सांगतात. मामलेदाराच्या चेहऱ्याचा रंग उडाला. भीतीनं की शरमेनं, कोण जाणे. मला विचाराल तर दोन्ही, आणि थोडं आईच्या धाकानं. तो खाली मान घालून म्हणाला, "ऐकलं."

झालं, लोकांना वाटलं संपलं. मामलेदार म्हणाला, "उद्या सकाळी गाड्या सोडतो. तू पुढं जा आणि गावाला तसं सांग."

गोंदबा जागचा हलला नाही. "नाही साहेब. उद्या हा शब्द मी एकदा सांगितलाय. त्याच्यावर एक लेकरू मरायला टेकलंय. आता गाड्या पुढं आणि मी मागं."

मामलेदार म्हणाला, "तुझं काम जाईल."

"जाऊ दे."

मग बाजारानंच कोठारापुढं बैल आणून उभे केले. पोती खांद्यावरून खांद्यावर चढली आणि त्याच दुपारी गाड्या निघाल्या. तोवर नदीचं पाणी उतरलं होतं. दोन्हीकडची माणसं पाण्यात रांग धरून उभी राहिली, आणि पोती डोक्यावरून डोक्यावर माळाकडे गेली. एकही भिजलं नाही, असं म्हणतात. सगळ्यांच्या मागून गोंदबा आला. शेवटचं पोतं जमिनीला टेकलं, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. "ऐका हो ऐका! धान्य आलं!"

कोणीच ऐकलं म्हणेना. सगळे पोत्यांकडेच बघत बसले होते. मग सगुणा उठली. पेज पोटात जाईपर्यंत थांबलीसुद्धा नाही. चालत तिथवर गेली, जिथं गोंदबा नेहमीसारखा लांब उभा होता, आणि पोर त्याच्या हातांत ठेवली. "ऐकलं," ती म्हणाली. सगळ्या गावादेखत. कोणी चकार शब्द काढला नाही. काढायला तोंड होतं कुणाला? ती पोर जगली, चांगली ऐंशी वर्षांची होऊन गेली.

गोंदबाचं काम सरकारनं खरंच काढून घेतलं. डफही परत दिला नाही. पण गावानं त्याला वेशीच्या आत घर बांधून दिलं आणि ठरवलं की यापुढं ह्या गावात हाळी पडेल ती आलेल्या गोष्टीची, येणाऱ्याची नाही. तिला आम्ही गोंदबाची हाळी म्हणतो. अजून तसंच आहे. वरात वेशीत शिरली की मगच लाऊडस्पीकरवर सांगतात. टँकर चौकात उभा राहिला की सांगतात. मागे एक पुढारी भाषणात सांगू लागला की पुढच्या वर्षी अमुक येणार नि तमुक येणार, तर आमच्या माणसांनी माइकची वायरच काढली. हसत हसत, बरं का, चहा पाजून पाठवलं त्याला.

आणि गेल्या पुरात मी स्वतः पंचायतीत होते, हे म्हणतात-बिणतात नाही. सरपंच शकुंतलाबाईंना तालुक्याहून फोन आला. साहेब म्हणाले, "बाई, मदत निघाली आहे. उद्या सकाळपर्यंत पोचेल. गावात जाहीर करून टाका."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "पोचली की करते."

"अहो, लोकांना धीर येईल. मी वर काय कळवू?"

बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. माळावर माणसं बसली होती.

"कळवा," त्या म्हणाल्या, "गाव ऐकायला बसलंय."