‘कायमचे’ या शब्दापाशी

“भंतेजी, कायमचं म्हणजे नेमकं किती?”

राजरतन रंगारीनं हे विचारलं तेव्हा अर्जाचे चार कागद त्याच्या मांडीवर होते. पेन त्यांच्यावर आडवा पडला होता.

भंतेजी टेकडीवरच्या विहारातून खाली उतरून आले होते. चाकांची खुर्ची पायऱ्या चढून वर जाणार नव्हती. म्हणून तेच शेवटच्या पायरीवर बसले, खुर्चीच्या समोर.



भंते विनयबोधींना त्या भागात सगळे वकील भंते म्हणत. चीवर अंगावर घेण्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी कामगार न्यायालयात वकिली केली होती. लोक अजूनही त्यांच्याकडे धम्माचं विचारायला कमी येत आणि नोटीस वाचून घ्यायला जास्त.

राजरतन मात्र वंदनेलासुद्धा क्वचितच आलेला. तो मोबाइलच्या टॉवरवर चढणारा माणूस. नऊ वर्षं एकाच ठेकेदाराकडे होता. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती. थोडी घमेंडच होती म्हणा ना. खालून कुणी जपून म्हटलं की तो मुद्दाम एक हात सोडून दाखवायचा.

पडला तो त्या घमेंडीमुळे नव्हे. कमरेच्या पट्ट्याचा हूक सैल झाला होता. त्यानं तो दोनदा बदलून मागितला होता. तिसऱ्यांदा मागायच्या आधीच हूक उघडला आणि राजरतन पाठीवर आला.

कमरेखालचं सगळं त्या एका क्षणात गेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. मणक्यातून दोरीसारखा मज्जारज्जू जातो, तो चिरडला गेलाय. हाड जुळेल, दोरी जुळत नाही.

ठेकेदार पहिल्या आठवड्यात दवाखान्यात आला, खांद्यावर हात ठेवून गेला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या माणसानं निरोप दिला, की या नावाचा कामगार आमच्याकडे कधी नव्हताच.

राजरतनची बायको ज्योत्स्ना. तिनं अंथरुणाशी बसून रडण्यात फार दिवस घालवले नाहीत. कुणी तरी सांगितलं म्हणून ती जिल्हा न्यायालयात मोफत वकील मिळतो तिथं गेली, रांगेत बसली, दोनदा परत पाठवली गेली, तिसऱ्यांदा अर्ज भरून आली. नंदेश्वर वकीलबाई मिळाल्या. बाई कामाच्या होत्या. त्यांनी डॉक्टरांचे कागद जमवले, टॉवरवरचे जुने फोटो जमवले, राजरतनबरोबर चढणाऱ्या एका माणसाला साक्षीला तयार केलं आणि भरपाईचा अर्ज लिहिला.

फक्त सही राहिली.

‘अर्जदारास कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले आहे.’ राजरतन तिथंच अडला.

बाईंनी समजावलं. ज्योत्स्नानं विनवलं. तीनदा पेन हातात घेऊन त्यानं तीनदा खाली ठेवला. आता अर्ज दाखल करायची दोन वर्षांची मुदत शुक्रवारी संपत होती. उशीर झाला तर माफी मागता येते, पण समोरच्याच्या हाती आयतं हत्यार कशाला द्यायचं, असं बाईंचं म्हणणं होतं.

आज बुधवार. ज्योत्स्नानं ऑटो सांगितली, त्याला उचलून बसवलं आणि टेकडीच्या पायथ्याशी आणलं. ऑटोवाला दोन पायऱ्या वर बसून दूर कुठं तरी बघत होता.

“तुम्ही शिकवता, सगळं अनित्य आहे,” राजरतन म्हणाला. “काहीच कायम राहत नाही. अन् मले म्हणता, सही कर.”

“मी अजून काहीच म्हटलं नाही.”

“म्हणाल.”

“म्हणेन.”

राजरतन कडवट हसला. त्याला वाटलं होतं, या प्रश्नापाशी तरी म्हातारा अडेल.

भंतेजींनी विचारलं, की पायांना काही कळतं का.

मग राजरतनच्या आवाजातली धार गेली. तो सांगू लागला. उजवा पाय कधी कधी आपसूक हलतो. सकाळी पांघरूण काढलं की झटका येतो. डॉक्टर म्हणतात, ती ताकद नव्हे, तो नुसता झटका. पण डॉक्टरांचा पाय आहे का तो? एकदा तर अंगठा हलला. त्यानं स्वतः पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही, संध्याकाळपर्यंत अंगठ्याकडे बघत बसला होता…

“मग?”

“मग नाही हलला.”

वाऱ्यानं कागद फडफडले. त्यानं तळव्यानं दाबून धरले.

कुणी विचारलं नव्हतं तरी तो बोलत राहिला. टॉवरच्या शिडीची पायरी गोल असते, लोखंडी. बुटातूनसुद्धा ती तळपायाच्या खोबणीत बरोबर बसते. ती तशी बसली की माणूस पडत नाही. वर गेलं की चहूकडं तळी दिसतात, एकामागं एक, धानाच्या बांध्यांमध्ये चमकत असलेली. त्याला तळी आठवत नाहीत असं नाही. पण जीव तुटतो तो त्या पायरीसाठी. तळपायाखाली काही तरी आहे, एवढंच पुन्हा कळावं…

तेवढंच.

“अन् या कागदावर सही केली,” तो म्हणाला, “म्हणजे ते मीच खोडलं ना, भंतेजी? डॉक्टरनं म्हटलं ते डॉक्टरचं. ठेकेदारानं म्हटलं ते त्याचं. हे तर माह्या हातचं होईल.”

 

ज्योत्स्ना खुर्चीच्या मागं उभी होती. दोन्ही मुठी खुर्चीच्या दांड्यांवर. भंतेजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“बाई, तुला काय हवं?”

ती गोंधळली. दवाखान्यात, कचेरीत, वकीलबाईंच्या टेबलापाशी, गेल्या दोन वर्षांत तिला पुष्कळ विचारलं गेलं होतं. पेशंटचं नाव काय. वय काय. कागद आणले का. हे कुणी विचारलं नव्हतं.

“यायचे पाय,” ती नवऱ्याकडे बघून म्हणाली.

“ते त्यानं मागितलं. तू?”

ती खाली बघू लागली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“झोप,” ती म्हणाली. “एक सलग झोप पाहिजे मले.”

मग हळूहळू तिनं सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. एकदा तिचा डोळा लागला होता आणि जखम झाली. ती भरायला पावसाळा गेला. तेव्हापासून ती मधल्या वेळात झोपतच नाही. भिंतीला टेकून बसते. डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली होती. ती असली की एवढं उठावं लागत नाही म्हणतात.

राजरतननं मान वळवली. मागं उभ्या माणसाचा चेहरा खुर्चीतून नीट दिसत नाही. त्यानं हात मागं नेला, चाचपला. तिच्या मनगटाला हात लागला तिथं थांबवला.

“मले वाटे, तू झोपतेस,” तो म्हणाला.



त्यानं पेन उचलला. पहिल्या पानावर सही वाकडी आली, दुसऱ्यावर बरी, तिसऱ्यावर नेहमीसारखी. चौथ्या पानावर, त्या ओळीच्या खाली, तो थोडा थांबला. मग तिथंही केली.

पुढचं सांगायचं तर, अर्ज गुरुवारी दाखल झाला. ठेकेदारानं तिथंही तेच म्हटलं, हा माणूस आमचा नव्हे. साक्षीला आलेल्या सोबत्याचं काम गेलं, पण त्यानं शब्द फिरवला नाही. निकालाला तीन वर्षं लागली. लागला तो राजरतनच्या बाजूनं. आदेशात त्याचं नाव होतं आणि नावापुढं ‘कामगार’ असं लिहिलं होतं. तो शब्द त्यानं ज्योत्स्नाला दोनदा वाचून दाखवला. घरात सगळ्यांत आधी आली ती हवेची गादी. त्या दिवशी ज्योत्स्ना दुपारीच झोपली आणि राजरतननं दाराची कडी वाजवणाऱ्या शेजारणीला बोट ओठांवर ठेवून परत पाठवलं.

पायांत काही आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी सही झाली, ऑटोवाल्यानं गाडी वळवून आणली. ज्योत्स्नानं कागद पिशवीत घालायला घेतले, तेव्हा राजरतननं ते तिच्या हातातून परत घेतले.

त्यानं भंतेजींकडे पाहिलं. आता आवाजात वाद नव्हता.

“म्हणजे आता आस सोडायची ना, भंतेजी?”

भंतेजींनी हात पुढं केला. कागद मागितले.

चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ, घाई न करता, न्यायालयात उभं राहण्याआधी वाचतात तसं. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. चारही पानं झाली. शेवटच्या सहीपाशी येऊन बोट थांबलं…

मग त्यांनी कागद नीट जुळवून राजरतनच्या मांडीवर ठेवले.

“यात तसं कुठं लिहिलेलं नाही.”