सुभद्रेचा पाट

"...पण आई, सगळ्यांची माणसं येतात, मग माझीच सुभद्रा का येत नाही?"

केसराआईंनी चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं.

त्र्यंबकराव ताठ बसून राहिले. भुतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचं मंडळ त्यांचं, ‘खवीस’ नावाचा अंकही त्यांचाच. दर अवसेला दुपारी आईंच्या मठाच्या पडवीत मंडळाचं वाचन व्हायचं. रिवाज एकच. ज्या मेल्या माणसाची गोष्ट, त्याच्यासाठी पुढ्यात रिकामा पाट मांडायचा. वाचता वाचता आपलं माणूस तिथं येऊन टेकल्यासारखं वाटायचं. भलेभले गडी ढसाढसा रडायचे.

आज त्यांच्या बायकोचा, सुभद्रेचा पाट मांडला होता. वाचन झालं, माणसं गेली. पाट तसाच.

"वर्ष झालं तिला जाऊन. स्वप्नातसुद्धा नाही, आई. अख्ख्या जिल्ह्याची भुतं मी अंकात नांदवली, आणि..."

"आणि घरचं एक येईना. वाच बघू परत, काय लिहिलंयस ते."

त्र्यंबकरावांनी ‘खवीस’चा जुना विशेषांक उघडून घसा खाकरला. आवाज मोठा झोकदार.

"पिंपळाखाली ती उभी होती. केस मोकळे, डोळे लाल, पावलं उलटी..."

"थांब. सुभद्रेची पावलं उलटी होती?"

"भुताची उलटीच लागतात, आई. नाहीतर वाचक घाबरणार कसा? तेरावं झालं त्याच आठवड्यात लिहून दिली. विशेषांक अडला होता."

"मेल्या, वाचकाचं कोण विचारतंय? तिची कशी होती?"

"भेगाळलेली," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "मोरीतून आली की ओली उमटायची, पार माझ्या खुर्चीपर्यंत. मी खेकसायचो, पाय पूस म्हणून. ती हसायची. अन् परत तशीच चहा घेऊन यायची."

"हे का नाही लिहिलंस?"

"त्यात भीती कुठंय?"

केसराआई गुडघ्यावर हात रेटत उठल्या. उंबऱ्याशी त्र्यंबकरावांच्या चपला होत्या, तोंडं मठाकडं. आईंनी वाकून ती रस्त्याकडं फिरवली.

"घाल."

त्यांनी घातल्या. पाठ आईंकडं झाली.

"आता मागं वळायचं नाही. सरळ पुढं चाल आणि माझ्यापाशी ये."

"काहीतरीच काय, आई! असा चाललो तर लांबच जाईन. जेवढा चालेन तेवढा..."

हातातला अंक खाली पडला. तो उचलायला त्र्यंबकराव वाकले नाहीत. वाकून काय होणार होतं? छापून, घरोघरी जाऊन वर्ष लोटलं होतं.

"आई... म्हणजे ती..."

केसराआईंनी सुभद्रेचा पाट पदरानं पुसला. जागच्या जागी ठेवला.

"वर्षभर चालतेय रे ती... तुझ्याकडंच."